बिनपाटाचा गणपती

मु. हमरापूर, ता. पेण
श्रावणातला शुक्रवार, दुपार

प्रिय हरेशदादास,

धाकट्या ऋतुजाचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून. घरातल्या सगळ्या खुर्च्यांवर गणपती वाळत आहेत आणि मी जमिनीवर बसून लिहिते आहे.) तुझी तब्येत कशी आहे? पुण्याचं पाणी अजून बाधतं का? होणाऱ्या वहिनी, म्हणजे वैशाली, बऱ्या आहेत ना? आणि रोह्याला त्यांचे वडील, हैबतराव, कसे आहेत? रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतात का? सहज विचारते आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, पण मला ते लिहवत नाही, कारण परवापासून मी गणपती मोजते आहे आणि एक कमीच भरतो. मिथुन म्हणतो, तू उगाच काळजी करतेस. नवरा म्हणून तो चांगला आहे, पण काळजी करायचं खातं लग्नातच त्याने माझ्याकडे दिलं, त्यामुळे त्याच्या मताला किंमत नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस. शिवाय पत्र पोहोचेल तेव्हा मी समोर नसेन, हा मोठाच फायदा. तर सांगायचं असं, की आमच्या मूर्तींच्या कारखान्यात एका घरचा गणपती दुसऱ्या घरच्या पाटावर बसला आहे आणि तो उतरवायला सासूबाई तयार नाहीत. चतुर्थीला एक घर मखर बांधून, मोदक उकडून आमच्या दारात येणार आणि त्यांना द्यायला माझ्याकडे गणपती नाही. कोणाचं घर ते पुढे येईल. आधी सगळं वाच, मग काय रागवायचं ते रागव.

सुरुवात तू कारखान्यासाठी बनवलेल्या नव्या साइटपासून करावी लागेल. ज्येष्ठात तू ती पाठवलीस तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिला डोळे भरून पाहिलं. (पेणेत रेंज असते तेव्हा ती दिसते. हमरापुरात पाऊस लागला की नुसतं गोल गोल फिरत राहतं.) तुझी हुशारी कोण नाकारतो? पण पहिल्याच पानावर तू गणपती फिरता ठेवलास. तो हळूहळू वळतो, आणि वळता वळता पाठ दाखवतो. दादा, तू आपल्याच घरात वाढलास ना? गणपतीची पाठ बघू नये, पाठीत दारिद्र्य असतं, हे तुला आईने सांगितलं नव्हतं? सासूबाईंनी पाहिलं आणि मोबाइल पालथा घातला. "देव पाठ फिरवतो व्हय गो गिऱ्हाइकाकडं?" एवढंच म्हणाल्या. गिऱ्हाइकांनीही तसंच केलं. ज्याने पाहिली त्याने गुपचूप जुन्या साइटवर जाऊन बुकिंग केलं, कारण तिथला गणपती जागचा हलत नाही.

हो, जुनी साइट मी बंद केलेली नाही. तू बजावलं होतंस, ती ज्या भाषेत लिहिली ती पीएचपी मेली, तिला आता मूठमाती दे. तू डिप्लोमाला असताना तुझ्याच हाताने लिहिलेली ती साइट, वर तांबडी अक्षरं सरकतात, खाली भेट देणाऱ्यांचा आकडा पळतो, दिसायला जत्रेतल्या पाळण्यासारखी. पण माझं बोट काही त्या बटणावर गेलं नाही. दादा, पीएचपी मेल्याचं तू दर दिवाळीला फराळाच्या ताटावर सांगतोस. पेणच्या क्लासात मी ती शिकवते, तिथेही दर बॅचला कोणीतरी हीच बातमी घेऊन येतं, आणि बॅच भरते. तिचं बारावं दरवर्षी होतं आणि पंगतीत वाढायला तीच हजर असते. मागच्या वर्षी आमच्या सरांनी कसल्याशा नव्या भाषेचा मोठा फलक रंगवून आणला होता. यंदा तो उलटा करून त्यावर 'शाडूच्या मूर्ती मिळतील' असं लिहून मिथुनला दिला. जगातल्या निम्म्याहून जास्त वेबसाइटी अजून हिच्यावरच चालतात म्हणे. मला त्याचा आनंद होत नाही, उलट भीतीच वाटते. एवढ्या जगाचा भार एका म्हातारीवर, आणि जो तो तिच्या मरणाची वाट बघतोय. रात्री डोळा लागत नाही तो या विचाराने. (आता दुसरं कारणही आहे.)

आता मुद्द्यावर येते. जुन्या साइटवर पहिला प्रश्न काय आहे, आठवतं? नाव नाही, गाव नाही. 'पाट आला का? पाटाची खूण काय?' हे तुला सासूबाईंनी सांगितलं होतं, शेजारी बसून. आपल्याकडे गिऱ्हाईक आधी पाट आणून टाकतं. कोणाचा निळा, कोणाचा एक पाय तुटका, कोणाचा उंदराने कुरतडलेला. मूर्ती तयार झाली की त्या पाटावर बसते, आणि एकदा बसली की त्या घरची झाली. नाव विचारून काय करायचं, अर्ध्या गडब गावची नावं सारखीच. नव्या साइटवरून तू तो पाट काढून टाकलास. मी विचारलं तर म्हणालास, मूर्तीच्या दुकानात लाकडी सामान कशाला? तिथे गिऱ्हाइकाने चित्र निवडायचं, बटण दाबायचं, की त्याला एक क्रमांक मिळतो. आणि गिऱ्हाइकाची माहिती गुप्त राहावी म्हणून आम्हालाही नाव कळत नाही, नुसता क्रमांक आणि एक फोन.

आषाढात असं एक बुकिंग आलं. फेटेवाला गणपती, शाडूचा, हात गुडघ्यावर. मी तो बाजूला ठेवला आणि सासूबाईंना सांगितलं, हा गेला. त्यांनी विचारलं, "पाट कुठं हाय?" मी म्हटलं, या गिऱ्हाइकाला पाट लागत नाही. "मग गेला कसा?" म्हणाल्या आणि मातीत हात घालून बसल्या. मला वाटलं, कळलं असेल. (कळलं नव्हतं, हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं. पण पावणेअकराची गाडी होती.) मी क्लासला गेले, आणि गडबचे जनूबाबा आले. मिठागरावर आयुष्य काढलेला माणूस, पाट स्वतः डोक्यावर घेऊन येतो, प्लास्टिकात गुंडाळून, लेकरासारखा. येऊन म्हणतो, "नेहमीचा दे गो, धोंडुबाय." नेहमीचा म्हणजे फेटेवाला. सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. एक फेटेवाला बिनपाटाचा, म्हणजे बेवारशी, कोपऱ्यात बसलेला. दुसरीकडे एक पाट, गणपतीची वाट बघत. त्यांनी उचलला आणि बसवला.

संध्याकाळी येऊन बघते तर देव स्थानापन्न. मी उचलायला हात लावला मात्र, सासूबाई ओरडल्या, "उतरवतेस काय गो? बसला तो!" जनूबाबांना दुसरा घ्या म्हणून विनवायला मी गडबला गेले. त्यांनी चहा पाजला आणि अख्ख्या आळीला मोबाइलवर आपला गणपती दाखवला, मलाही दाखवला, डोळे किती बोलके आखलेत बघ म्हणून. (आखणी मीच केली होती.) त्यांना काय सांगायचं? की बाबा, हा तुमचा नाही, हा एका क्रमांकाचा आहे? मी चहा पिऊन परत आले. दादा, त्यांचं काही चुकलं नाही, सासूबाईंचंही नाही. चूक तुझी म्हणायची तर तू मोठा, आणि माझी म्हणायची तर मला रडू येतं. शाडू या पावसात वाळत नाही, बल्ब लावून आम्ही रात्रंदिवस शेकतोय. नवा फेटेवाला घडवला तर कसाबसा होईल. पण सासूबाई पाट बघितल्याशिवाय मातीला हात लावणार नाहीत.

तू स्वतःला जप. जेवणाची आबाळ करू नकोस. हैबतरावांना डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, ते पाळतात ना?

तुझी,
ऋतुजा

ता. क. वरती हैबतरावांची तब्येत दोनदा निघाली ती उगाच नाही. बुकिंगवरच्या फोनला मी परवा धीर करून फोन लावला. पलीकडून आवाज आला, "हैबतराव बोलतोय, रोह्याहून. आमचा गणपती कुठवर आला?" मी फोन ठेवून दिला. त्यांनी उलट फोन केला, तो मिथुनने घेतला आणि 'राँग नंबर' म्हणाला, गाण्याच्या चालीत. जावयाच्या नव्या साइटवरून गणपती मागवला म्हणून त्यांनी सगळ्या रोह्याला सांगितलंय, हे मला नंतर रोह्याच्या मावशीकडून कळलं. ते मागवणार आहेत हे तू मला आधी सांगितलं असतंस तर मीच जाऊन पाट आणला असता. साऱ्या हंगामात तुझ्या साइटवरून आलेलं हे एकच बुकिंग.

ता. क. २. तेव्हा पत्र मिळताच रोह्याला जा आणि त्यांच्याकडून पाट मागून आण. कारण काय सांगायचं ते तू बघ, तू शिकलेला आहेस. आणि बुकिंग जुन्या साइटवर कर, नव्या साइटवरचं इथे कोणी धरत नाही. पाटाची खूण नीट लिही. आत शिरायचा पासवर्ड तू ठेवला होतास तोच आहे, मी बदलला नाही: पीएचपीअमररहे.

ता. क. ३. सासूबाई विचारतात, मार्गशीर्षात तुझ्या लग्नाला पाट मांडायचा, का तिथंबी लाकडी सामान नको हाय?