एक पट्टी खाली

सौ. मालकीणबाईंना कारखान्यातल्या मिस्त्रीचा नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे. खोकला गेला, म्हणजे जातोय. आईंचे गुडघे कसे आहेत?

कारखान्याशेजारच्या दाताच्या डॉक्टरांशी माझी गट्टी जमलीय. मी त्यांना आपले ख्याल सुचवतो, ते मला तीनशे वर्षांपूर्वीचं त्यांच्याकडचं, युरोपातलं संगीत ऐकवतात. परवा एका बाईची नवी रेकॉर्ड लावली, तर आधी ऐकलेलं तेच गाणं मला अख्खी एक पट्टी खाली वाटलं. नुसत्या आवाजावरून पंपाचं दुखणं ओळखणारा माणूस मी, गप्प कसा बसणार? डॉक्टर चहा करायला आत गेले, तेवढ्यात यंत्र उघडून वेग वाढवला.

डॉक्टर कप घेऊन दारातच थबकले. "ही बाई एवढी घाईत का?"

मी माझा पराक्रम सांगितला. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो मिस्त्री, त्या काळी वाद्यं एक पट्टी खालीच लावत, ही बाई मुद्दाम तशीच गाते. तुम्ही चांगला दात उपटलात."

वेग होता तसा केला आणि मुकाट्याने ऐकलं. खालच्या पट्टीत काय भरदार वाटतं गं ते.

आजारपणानंतर आवाज एक पट्टी उतरला म्हणून तू तंबोरा गवसणीत घातलास. हे मला धाकट्या लेकीने कळवलं, तू नाहीस. आता तंबोराही एक पट्टी खाली लाव आणि गा. डॉक्टरांना मी तुझं गाणं सुचवून बसलोय, तेव्हा टेप पाठव.

वेगाला मी हात लावणार नाही.

तुझाच,
चांगला दात उपटणारा