पथ्यापलीकडचे

॥ श्री ॥
म्हैसूर, ४ ऑगस्ट २०२५

चि. सोयरा हीस विठ्ठलदादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडणे मला शोभत नाही, म्हणून हे पत्र. माझी नात चि. कीर्तना हिचे ठीक नाही. गव्हाने आतडे सोलवटणारा हा सिलिअॅक आजार. पथ्य पाळले की माणूस सावरतो, असे डॉक्टर म्हणाले होते. सूनबाई सुष्माने स्वयंपाकघरातून गव्हाचा कण हद्दपार केला, पोळपाट बदलला. मीही नाचणीच्या भाकरीवर आलो. तरी पोर वाळतेच आहे. नुसत्या पथ्याने भागत नाही असे ठरून स्टिरॉइड दिले. चेहरा सुजला, पोट तसेच. पुढील आठवड्यात याहून उग्र औषध सुरू होईल. ते प्रतिकारशक्तीच दडपते. साधा तापही जिवावर बेतू शकतो म्हणे.

ज्या अन्नाला आपण हात जोडतो, तेच तिचे वैरी का व्हावे? मी माझ्या परीने जपतो आहे. सायंपूजेनंतर विठ्ठलाच्या नैवेद्याचा शिरा, बोराएवढा, रोज स्वहस्ते तिच्या तळहातावर ठेवतो. औषधांना न साधले ते त्याच्या कृपेने साधेल.

लोभ आहेच, तो जपावा.
विठ्ठलराव

॥ श्री ॥
सोसले, ७ ऑगस्ट २०२५

ती. दादांस सोयराचा शि. सा. न.

तुम्ही नाचणीची भाकरी खाता हे वाचून हसू आले. लहानपणी ती माझ्या ताटाखाली लपवून आईचा मार मला खायला लावत होतात. पण शेवटच्या ओळींपाशी हसू गोठले.

दादा, शिरा रव्याचा ना? आणि रवा गव्हाचाच ना? स्वयंपाकघर सुष्माचे, देवघर तुमचे. सोवळ्यात तुम्ही शिजवता तेव्हा ती उंबरा ओलांडत नाही. तिला वाटत असेल, प्रसाद तुम्ही एकटेच घेता. मुलगी काय खाते, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा प्रसादाचे नाव कोणी काढले का? आपण प्रसादाला खाणे म्हणत नाही. आतड्याला तो भेद कसा कळावा?

नवे औषध देण्याआधी डॉक्टरांना हे सांगा. टपालाचा भरवसा नाही. शेजारचे गणपतराव उद्या म्हैसूरला येत आहेत, त्यांच्याच हाती पत्र देते.

रागावलात तरी माया आटू देऊ नये.
सोयरा

॥ श्री ॥
म्हैसूर, १२ ऑगस्ट २०२५

चि. सोयरा हीस अनेक आशीर्वाद.

पत्र वेळेवर पोचले. डॉक्टरांना सारे सांगितले. त्यांनी तिचे जुने कागद पुन्हा चाळले. मग म्हणाले, उग्र औषध तूर्त थांबवू. स्टिरॉइड मात्र एकाएकी तोडता येणार नाही, आणि प्रतिकारशक्ती त्यानेही दबतेच, तापाला जपा. आतडे आता भरून येईल, की आजाराने खरोखरच भयंकर वळण घेतले आहे, हे काही महिन्यांनी पुन्हा आतड्याचा तुकडा तपासल्यावाचून कळणार नाही.

परतताना रिक्षात मी कीर्तनाला विचारले, रवा गव्हाचा हे तुला ठाऊक नव्हते का. ती म्हणाली, ठाऊक होते, अज्जा. पण तुमच्या हातून प्रसाद येत असता मूठ कशी मिटायची? सोयरा, ते तिला या घरात कोणी शिकवलेच नव्हते. मीच शिकवायला हवे होते.

आता नैवेद्याला केळे ठेवतो. काल आरतीनंतर सवयीने तिने तळहात पुढे केला. केळ्याची फोड ठेवताना माझी बोटे तिच्या हाताला लागली.

हात कढत होता.

आमच्या घरावर तुझा जीव असू दे.
विठ्ठलराव