बुटाला सोन्याची नाडी

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? आम्ही इकडे वरवर बरे आहोत.

आमच्या पोपटचं गाणं तुझ्या कानावर आलंच असेल. माझ्या बसमध्ये कारखान्याची पोरं रोज तेच लावतात. गाणारा त्यांच्या ड्रायव्हरचा, म्हणजे माझाच मुलगा आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून आवाज आणखी वाढवतात. बुटाला सोन्याची नाडी, दुधाने आंघोळ, एका हातात पाच घड्याळं. चहात दूध कमी पडलं की रुसून बसणारा हा, आता दुधाने आंघोळ करतो. व्हिडिओत तर बिनछपराच्या गाडीत उभा राहून नोटा उधळतो. त्याची आई ते बघून हसली.

मीही हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या आठवड्यात दारात फ्रीज येऊन उभा राहिला, उंचीने माझ्याएवढा. फोन केला तर म्हणाला, गाणं चाललंय बाबा, तुम्ही फक्त वापरा. आडात नव्हतं ते पोहऱ्यात कुठून आलं? शेजारचे हवालदारही सहज म्हणून विचारून गेले, की मुलगा नक्की काय करतो. ताई, हवालदार सहज काही विचारत नाहीत.

तू त्याच्याच शहरात आहेस. न कळवता एकदा त्याच्या खोलीवर जाऊन ये. जन्मभर नर्सचं काम केलंस, थाप मारणारा पेशंट तुला नाडी न बघता कळतो.

तुझी माया आहेच, या खेपेला तिच्यात थोडी हेरगिरी मिसळावी.

तुझा,
बाळ्या


दि. १४ फेब्रुवारी

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

जाऊन आले. तिसरा मजला आहे, तेव्हा गुडघ्याचं विचारू नकोस. दार वीतभर उघडलं आणि त्या फटीत पोपट स्वतःच उभा राहिला. घरात रंगकाम चाललंय आत्या, म्हणाला. रंगाचा वास मात्र मला कुठे आला नाही. तसाच मला खाली घेऊन गेला आणि चहा पाजला. मनगटावर एकही घड्याळ नव्हतं. विचारलं तर म्हणाला, तिजोरीत असतात. सांगताना बघत होता बशीकडे.

येताना जिन्याखालच्या दुकानदाराशी साबणाच्या निमित्ताने बोलले. वर तिघे राहतात, वेळी-अवेळी येतात-जातात आणि पाठीवर मोठाली बोचकी आणतात, एवढं त्याने सांगितलं. पाणी कुठेतरी मुरतंय खरं. पण कुठे ते कळेपर्यंत तू तोंड उघडू नकोस. वहिनीला सांग, मुलगा वाळलाय, पण आजारी नाही.

राग आवर, आशीर्वाद दोघांना.

ताई


दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू गप्प राहा म्हणालीस, माझ्याने राहवलं नाही. बोचकी म्हणजे काय ते न कळायला मी दूधखुळा नाही. त्याला फोन करून सरळ विचारलं, चोरीमारी करतोस का? तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. तुम्हाला वाटतं तसं समजा, म्हणाला. निर्दोष माणूस असं बोलतो का? मी सांगून टाकलं, खरं बोलायचं नसेल तर या घरी येऊ नकोस. तेव्हापासून तो फोन उचलत नाही, आणि त्याची आई माझ्याशी बोलत नाही.

ताई, तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू तर काही झाकत नाहीस ना? आता मला कुणाचाच भरवसा वाटेनासा झालाय.

जे असेल ते लिही, कडू असलं तरी.

बाळ्या


दि. ५ मार्च

चि. बाळ्यास आशीर्वाद.

तेव्हा काही झाकत नव्हते. आता झाकणार होते, पण तू त्याला घर बंद केलंस म्हणून लिहिते.

या वेळी मी दाराशीच फतकल मारून बसले. आत घेतल्याशिवाय उठणार नाही म्हटलं, मग काय करतो? एकच खोली आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेत. कोपऱ्यात तुझ्या डोळ्यांत खुपणारी बोचकी. सोडून बघितली तर आत वेटरांचे कोट, इस्त्रीचे. आपला पोपट एका बड्या हॉटेलच्या धुलाईखान्यात टॉवेल धुतो आणि वरकमाईला घरी इस्त्री करतो; सोबतचे दोघेही तिथलेच.

गाडी तासाभराच्या भाड्याची होती. घड्याळं दुकानाची, आणि दुकानाचा माणूस कॅमेऱ्यामागे त्यांच्यावर डोळे लावून उभा. नोटा एकाच बाजूने छापलेल्या. गाणी काढणाऱ्या कंपनीने त्याला एकदाच काय ते देऊन गाणं कायमचं घेतलं, ते सगळं तुझ्या फ्रीजमध्ये गेलं. गाण्यातली श्रीमंती त्या हॉटेलातली. खोल्यांतून चादरी गोळा करताना जे दिसतं ते हा लिहितो. त्यात एक ओळ आहे, पैसा मोजायला घरात माणूस नाही. पाच घड्याळं उशाशी मांडून एकटाच जेवणारा एक म्हातारा पाहिला, त्याच्यावरून सुचली म्हणाला.

मग चोरी करत नाही असं बापाला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. बराच वेळ घड्या घालत राहिला. म्हणाला, चोर समजले तर बाबा माझ्यावर रागावतील. टॉवेल धुतो हे कळलं तर त्यांना माझी कीव येईल. राग मला सोसतो, आत्या.

कुणाला सांगणार नाही असा मी त्याला शब्द दिला होता, तो आज मोडते आहे. तुला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. झाकली मूठ त्याची त्याच्याजवळ राहू दे.

माझ्यावरचा विश्वास परत ठेवलास तर बरं वाटेल.

ताई


दि. १२ मार्च

चि. पोपटास अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. आत्याची पत्रं येतात, पण त्यांत तिच्या गुडघ्याशिवाय आणि तुझ्या रंगकामाशिवाय काही नसतं. घरी येऊ नकोस म्हणालो होतो, तो शब्द मागे घेतला. कारण विचारू नकोस.

हवालदार पुन्हा भेटले. मी सांगितलं, मुलगा गाणी लिहितो. परवा बसमध्ये तुझं गाणं पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. पोरं नाडीच्या ओळीवर नाचतात. मला ती माणूस नसलेली ओळ आवडली. तशा आणखी लिही.

रविवारी मी येतोय. रंगकाम संपलं नसलं तरी हरकत नाही, मला जमिनीवर चांगली झोप लागते. कुठे बड्या जागी जेवायला नेऊ नकोस. आपण दोघे खोलीवरच काहीतरी करू.

येताना आईने दिलेली मलमाची डबी आणतो. सोड्याच्या पाण्याने बोटांना भेगा पडतात, रोज लावलं तर बुजतात. गाणाऱ्यांच्या बोटांनाही पडत असतील, असं आपलं मला वाटलं.

माया आहे, ती मागायची नसते.

बाबा