झोपायच्या खोलीचं दुसरं दार

४ नोव्हेंबर
सम्राटशी भांडले! कडाकडा. त्याच्या स्कूबाच्या बोटीसाठी चौदा लोखंडी पलंग करून द्यायचेत. माणसं रात्रभर समुद्रात, बोटीच्या पोटात झोपणार. नकाशा बघितला तर वर यायला एकच जिना – तोही स्वयंपाकघरात निघतो. तिथंच टॉर्चच्या, कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला! म्हटलं, आग तिथंच लागली तर? म्हणतो, "काकू, पाण्यात कुठं आग लागती व्हय?"

माझी लेक शांभवी त्या बोटीवर डायव्हिंग शिकवते. तीही खालीच झोपणार. स्पष्ट सांगितलं – "मागच्या बाजूला छताला दुसरं दार काढ, न्हायतर पलंग दुसरीकडनं घे."

६ नोव्हेंबर
सम्राट नमला!! "काढा दार, पण डोस्कं खाऊ नका." कारखान्यात सगळ्यांना जिलेबी वाटली. उद्यमनगरात माझ्याशी कोण पंगा घेणार!

१५ नोव्हेंबर
गैबीचाचा आणि मी गगनबावड्याचा घाट उतरून बोटीवर गेलो. चाचा आमचे वेल्डर, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. दार बसवलं. थेट मोकळ्या डेकवर निघतं. झकास!

२२ नोव्हेंबर
शरमेनं मेले. शांभवीनं भरदिवसा सराव घेतला. सगळ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या, चाचपडत दुसऱ्या दाराशी यायचं. आले – आणि दार उघडेना! वरून कडी. ती मीच सांगून लावलेली. आमच्याकडं पेटी असो, टाकी असो, झाकण म्हटलं की वरून कडी आणि कोयंडा. हातालाच सवय. खलाशानं ती इमानेइतबारे घातली.

शांभवी फोनवर ओरडली, "अव्वा, दार सांगितलं आणि धान्याची कोठी केलीस की गं!" चाचा म्हणाले, "चूक दोघांची हाय." नाही, माझी. सम्राटला अक्कल शिकवायला निघालेली मी! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

२३ नोव्हेंबर
सकाळीच परत घाट उतरलो. कडी ग्राइंडरनं कापून टाकली. आतून ढकललं की उघडेल असा दांडा लावला. शांभवीला म्हटलं, घे सराव. डोळे बांधून चौदा माणसं – दोन मिनिटांच्या आत वर! चौदावा खुद्द सम्राट, पोटासकट. धापा टाकत म्हणाला, "काकू, मानलं तुमास्नी."

येताना घाटभर मोठ्यानं गात आले. चाचांनी कान झाकून घेतले. झाकू देत.

२५ नोव्हेंबर
आज काही नाही. नुसतीच खूश.

९ डिसेंबर
शांभवीचा फोन, कुणा मच्छीमाराच्या मोबाइलवरून. रात्री बॅटऱ्या पेटल्या, जिना धुरानं भरला. "समदी वर आली, अव्वा. समदी. मी शेवटी आले." बोट बुडाली, माझ्या दारासकट. फोन ठेवला आणि कारखान्यातच खाली बसून रडले. शांभवी दुपारच्या एसटीनं घरी येतेय.