हवालदार आबांच्या खालच्या कवळीचं माप

मंगळवार, संध्याकाळ. रहिमतपूर.

हवालदार आबांचं माप दोनदा का फसलं, ते आज कळलं. खालची हिरडी झिजून पार सपाट, हे खरंच. पण मी 'हलू नका' म्हणायचे आणि हा जुना फौजी पुतळाच व्हायचा. गाल, जीभ, सगळं सावधान! मग बोलताना गाल-जीभ हलली की कवळी उचलली जाणारच ना? आधी कसं सुचलं नाही मला?

गेल्या झेंडावंदनाला शाळेत हुकूम देताना ती तोंडातून पडली, पोरं हसली. तेव्हापासून आबा शाळेकडे फिरकलेले नाहीत.

आज म्हटलं, "आबा, माप घ्यायच्या मसाल्याचा ट्रे तोंडात गेला की कवायत घ्यायची."

"आवं मॅडम, तुमीच म्हनता न्हवं, हलू नका?"

"आज हलायचाच हुकूम आहे."

मग काय ओरडले! बाहेर बाकावरचे दोघं उठून उभे राहिले. मऊ मसाल्यात गालांनी, जिभेनं आपापली जागा करून घेतली. तो घट्ट झाल्यावर पुन्हा एकदा 'सावधान' म्हणायला लावलं. ट्रे जागचा हलला नाही! कवळीही अशीच बसेल? बसेल, वाटतंय.

जाताना आबा दारात थांबले. "मॅडम, पंधरा ऑगस्टला किती दिस हायत वं?"