लॉरीची रेघ

आबा, हे पत्र मी बोलते आहे आणि तुमची पणती लिहून घेते आहे. मला लिहिता येत नाही आणि तुम्ही वाचायला नाही, म्हणजे दोन्ही टोकं मोकळी, आणि मधे ही पोर पेन धरून बसली आहे. हिचा जन्म शारजाचा. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, तरी आमचं भांडण अगदी व्यवस्थित होतं. शुद्धलेखन हिची आई तपासणार आहे, त्यामुळे सुनेबद्दल काही बोलायची सोय नाही. ते तुम्हाला भेटल्यावर सांगेन, आता त्यालाही फार उशीर नसावा.

तुम्ही लढाईवर गेलात तेव्हा मी नुकती पाय टाकायला लागले होते म्हणे, आणि परत आलात तेव्हा शेण्या थापत होते. मधला काळ आईने चुलीमागच्या भिंतीवर ठेवला होता. दर अमावस्येला गेरूची एक उभी रेघ. सारवताना भिंतीचा तेवढा तुकडा ती सोडायची. तुम्ही आलात ते डावा हात कोपरात वाकलेला घेऊन, आणि तो पुढे कधी सरळ झाला नाही. वाळूच्या मुलखात लॉरी चालवत होतो, वरून विमान आलं, एवढंच सांगायचात. फार खोदलं तर एक वाक्य जास्तीचं मिळायचं, "एकदा येऊन गेला असता तर नशीब म्हटलं असतं. तो वळून परत आला."

आणि तो भुईमुगाचा दिवस. आपण सगळे रानात शेंगा काढतो आहोत. लांबून विमानाची घरघर येते आणि तुम्ही सरीत पालथे पडता, तोंड मातीत, चांगला हात डोक्यावर. बायकांचे हात शेंगांवरच थांबले. मी हसले. नऊ वर्षांची असेन, पोट धरून हसले. आईने माझ्यावर हात उगारला तर तुम्ही तोंडातली माती थुंकत म्हणालात, "हसू दे. तिला ते माहीत नाही हेच बरं." आबा, त्यापेक्षा कान पिळला असतात तर बरं झालं असतं. पिळलेला कान माणूस विसरतं.

नवरा गेल्यावर मुलगा मला इकडे शारजाला घेऊन आला. अल मजाज भागातली इमारत, अकरावा मजला, खिडकीतून खाडीचं पाणी दिसायचं, आणि खाली उतरून जावं असं कुठे काही नव्हतं. समोरच्या दारात एक जर्मन म्हातारा आणि त्याची मुलगी राहायची. मुलगी ऑफिसला गेली की तो एकटा. गॅसवर चहाचं भांडं ठेवायचा आणि विसरून जायचा. एकदा धूर आमच्या दारापर्यंत आला. तेव्हा त्या मुलीने सुनेला विचारलं, आणि सुनेने मला विचारल्यासारखं करून सांगितलं, की दुपारी मी तिथे बसावं आणि त्याला चार घास करून घालावेत. मलाही घरात भिंतींशी बोलायचा कंटाळा आला होता. म्हातारा निदान मान तरी हलवेल.

तो विमानांचा माणूस. शारजाच्या विमानतळावर आयुष्याची पंचवीस वर्षं इंजिनं दुरुस्त करून आणि पोरांना ती दुरुस्त करायला शिकवून थकला होता. हिंदी त्याला त्याच्या पाकिस्तानी मेकॅनिकांनी शिकवलेलं, आणि माझं हिंदी म्हणजे मराठीच्या शेपटीला 'है'. तो मला बहनजी म्हणायचा, मी त्याला बाबाजी. वरण-भात, वर तूप, हे त्याला फार मानवलं. मी त्याला लसूण सोलायला बसवायची. सोललेल्या पाकळ्या तो ताटात रांगेने लावायचा, एकीचं टोक इकडे नाही की तिकडे नाही. मी म्हणायची, बाबाजी, तुमची पलटण सलामी देऊन दमली, आता फोडणीत जाऊ द्या. तो हसायचा. पण वरून विमान गेलं की हातातली पाकळी तशीच राहायची आणि मान वर. न बघता सांगायचा, एक इंजिन थोडं खोकतं आहे. तुम्ही तो आवाज ऐकून खाली पडायचात आणि हा वर बघायचा. मला तेव्हाच वाटलं होतं की दुखणं एकच असावं.

लसूण सोलता सोलता त्याने आपलं आयुष्य सांगितलं, तुकड्या-तुकड्याने. बाप पाववाला. गावाबाहेरच्या टेकडीवरून पोरं बिनइंजिनाचं लाकडी विमान दोराने ओढून हवेत सोडायची, त्यात हा चौदाव्या वर्षी बसला आणि बापाची भट्टी सुटली ती सुटलीच. लढाई लागली तेव्हा विशीचा. आधी कुठल्याशा थंड समुद्रावर, मग वाळवंटात. दोनदा विमानासकट खाली आला. एकदा दोन दिवस वाळूत चालला, विमानातल्या होकायंत्राचं पाणी प्यायला निघाला होता, तेवढ्यात त्याचेच लोक भेटले. शेवटी पकडला गेला, कैदेत राहिला. घरी आला तर गल्लीच नव्हती. त्यांच्या देशाला विमानं उडवायची बरीच वर्षं बंदी होती, तेव्हा याने कोळशाच्या गाड्या ओढल्या. बायको गेल्यावर इकडे आला. म्हणायचा, इथे वाळू ओळखीची आहे.

एके दिवशी त्याने एक फोटो दाखवला. अर्धी चड्डी घातलेला, उन्हाने सोललेल्या नाकाचा पोरगा, विमानाच्या शेपटीला हात लावून उभा. आणि शेपटीवर उभ्या रेघा, ओळीने. माझ्या डोळ्यांपुढे आपल्या चुलीमागची भिंत आली. मी एकदम म्हणाले, बाबाजी, घरी जायचे दिवस मोजत होता ना? माझ्या आईनेही अश्शाच ओढल्या होत्या. त्याने फोटो पालथा ठेवला. मग म्हणाला, "हाँ, बहनजी. घर." मला इतका उमाळा आला की त्या दिवशी मी त्याच्यासाठी पुरण घातलं. पुढचं वर्षभर मी त्याच समजुतीत होते.

मग त्याची मुलगी तीन आठवडे त्यांच्या देशाला गेली. म्हातारा दिवसातून दहा वेळा विचारायचा, कधी येणार. मी त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि फ्रिजशेजारची भिंत दाखवली. म्हटलं, रोज एक रेघ ओढा, एकवीस झाल्या की पोरगी दारात.  पेन्सिल त्याने ओट्यावर ठेवली, लसणाच्या रांगेत, सरळ. म्हणाला, "नहीं, बहनजी. वो दिन नहीं थे. वो हवाई जहाज थे. एक लाइन, एक जहाज. अंदर आदमी."

वरण शिजत होतं. मी गॅस बारीक केला. काय विचारते आहे ते मला कळत होतं, तरी विचारलं, "और लॉरी? नीचे जो लॉरी थी?"

त्याने मान हलवली. "लॉरी का लाइन नहीं बनता."

आबा, मी गॅस बंद केला आणि घरी आले.  तुमचा तो हात, त्या हाताने आयुष्यभर बंडीचं बटण लावता आलं नाही, जेवताना ताट गुडघ्याने धरायचात, आणि कुणाच्या शेपटीवर त्याची साधी एक रेघसुद्धा नव्हती. ज्यांना त्याने आकाशातून पाडलं त्यांना रेघ होती. तुम्ही नुसते वाटेत होतात.

तीन दिवस मी गेले नाही. मुलाला वाटलं भाजीवरून बिनसलं, म्हणाला, आई, खलास, सोड आता, म्हातारा माणूस आहे.  सून डबा नेऊन द्यायची, संध्याकाळी तो भरलेलाच परत यायचा. माझ्या मनात एकच चाललं होतं. जावं आणि त्याला सांगावं. माझे वडील होते खाली, वळून का आलास? नाहीतर जाऊच नये, आणि बसू द्यावा त्याला उपाशी.

चौथ्या दिवशी गेले. तो स्वयंपाकघरातच बसला होता. समोर सोललेल्या लसणाचा ढीग, आणि या खेपेला रांग नाही, नुसता ढीग. मी पदर खोचला आणि डाळ धुवायला घेतली. तो मूर्ख नव्हता, तीन दिवसांत त्याने सगळं जुळवलं होतं. पाठीमागून म्हणाला, "बहनजी, तुम्हारे वालिद. लॉरी में थे?"

मी वळलेच नाही. म्हटलं, "नहीं बाबाजी. मेरे बाप को बैलगाड़ी भी ठीक से नहीं आती थी. पूरी उमर गाँव में. विमान देखा ही नहीं कभी."

"तो फिर दीवार का लाइन?"

"वो मुंबई गया था. मिल में. छुट्टी नहीं मिलती थी."

तो जेवायला बसला. दोनदा भात घेतला. पुढे दोन हिवाळे मी त्याला जेवायला घातलं, आणि लढाईचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. विमान गेलं की वर बघायचा, पण त्याआधी एकदा माझ्याकडे बघायचा. मग तो गेला. मुलीने मला तो फोटो आणून दिला. म्हणाली, त्यांनी तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं.

ही पोर आता लिहायची थांबली आहे. विचारते, "आजी, व्हाय डिड यू लाय? यू फेल्ट सॉरी फॉर हिम?" तुमच्या सुनेलाही, म्हणजे माझ्या सुनेला हो, असंच वाटेल, की सासूला दया आली. वाटू द्यावं असा मोहही होतो. या वयात फुकट मिळालेला मोठेपणा कोण नाकारतं? पण आबा, तुमच्याशी तरी खोटं नको. दया वगैरे काही नव्हती. मला भीती वाटली. मी सांगितलं असतं की अमुक मुलखात अमुक साली एक लॉरी होती, वाकड्या हाताचा माणूस तिच्यातून बाहेर पडला, आणि तो विचार करून, अगदी खरेपणाने म्हणाला असता, बहनजी, याद नहीं. मग मी काय केलं असतं? त्यापेक्षा मीच तुमची लढाई पुसून टाकली. आधी शेतात हसले आणि म्हातारपणी हे. दोन्ही वेळा मार खायची पाठ माझीच होती आणि मारलं कुणीच नाही.

हे पत्र फोटोबरोबर माझ्या साड्यांच्या खाली राहील. पोर म्हणते, सही कर. सही मला येत नाही. पेन मात्र मी तिच्या हातातून घेतलं आहे, आणि फोटोत शेपटीशेजारी थोडी मोकळी जागा आहे. पेन धरायची सवय नाही, त्यामुळे रेघ जरा वाकडी आली आहे.

ही तुमची.