न थांबणारा वाण

४ मे १९५९, सोमवार

तो आजही थांबला नाही!

'तो' म्हणजे बोडिलच्या जंतूंचा एक वाण. बोडिल राउन आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहते आणि प्रोफेसर टुक्सेनच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवते. जेवताना जंतूंचं नाव काढायचं नाही, हा आस्ताचा नियम. आज तिनेच मोडला. बोडिल नुसती सूप ढवळत बसली होती. आस्ता म्हणाली, "बोल बाई एकदाची. सूप थंड झालं की आमचे हे मला बोल लावतात."

मी बोल लावत नाही. मी फक्त मीठ मागतो.

बाहेर रस्ताभर खिडक्यांत सुटकेच्या आठवणीच्या मेणबत्त्या. आम्हीही लावल्या. चौदा वर्षं झाली जर्मन फौजा जाऊन, तरी चार मेच्या संध्याकाळी डॅनिश लोक हळूच बोलतात.

५ मे

बोडिलने काल सांगितलेलं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच कळणार नाही.

जंतूच्या पोटात रायबोसोम असतात. माग म्हणावेत. त्यांवर प्रथिनांचं कापड विणलं जातं. (नाव नुकतंच ठेवलंय. माझ्यासारख्या कोशकाराला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?) अन्न बेताचं असलं की जंतू सावकाश वाढतो आणि माग थोडेच ठेवतो. अन्न सुधारलं की शहाणा कोष्टी करील तेच करतो — आधी माग वाढवतो. तासभर पिल्लं जुन्याच चालीने होत राहतात, पण नवे माग लगेच उभे राहायला लागतात. आणि सुताचा एक प्रकार जरी बंद केला, म्हणजे एकच अमिनो आम्ल काढून घेतलं, तरी माग बांधणं तिथल्या तिथे थांबतं.

टुक्सेनचा सिद्धान्त सुटसुटीत आहे. वाढीचा वेग सांगा, मी मागांची संख्या सांगतो. सामान संपलं की काम थांबतं. वीस वर्षं यावर उभी आहेत त्यांची.

बोडिलचा हा वाण सूत तुटल्यावरही मागांचे सांगाडे ठोकत सुटतो. आणि ती म्हणते ते खरं आहे: सांगाड्याचं लाकूड वेगळं, ते संपलेलंच नसतं. मग बाकीचे सगळे थांबतात ते का? सामान संपलं म्हणून नव्हे. कोणीतरी 'थांबा' म्हणतं म्हणून! या एकाला ते ऐकू येत नाही.

बहिऱ्यामुळे कळावं की घरात कोणी बोलत होतं.

६ मे

आस्ता म्हणाली, "न थांबणाऱ्यांचं कसलं कौतुक? तुमचा पाली भाषेचा कोश कधीचा 'अ'वर थांबलाय, त्याचं बघा."

'अ' मोठा आहे, एवढंच म्हणालो.

१० मे, रविवार

प्रकरण वाटलं त्याहून वाईट आहे.

बोडिलचा प्रबंध छापून झालाय. एकोणतीस तारखेला सभागृहात त्यावर पदवीचा जाहीर वाद. त्या प्रबंधात हा वाण नाहीच! हिवाळ्यात टुक्सेन म्हणाले होते, नळी मळकी आहे, दुसरं काहीतरी शिरलंय, गाळा. तिने गाळला. शेवटच्या प्रकरणात छापलं — सामान संपतं म्हणून काम थांबतं.

पण तिला चैन पडेना. एकेका पेशीपासून तिने वाण पुन्हा वाढवला, शुद्ध करून घेतला. गेल्या सोमवारी निकाल आला. तोच.

शुक्रवारी आलेख घेऊन टुक्सेनकडे गेली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, चष्मा काढला. म्हणाले, "ग्रंथ छापून झालाय, फ्रोकन राउन."

बस्स. पुढे हवापाण्याच्या गोष्टी.

गप्प राहिली तर पदवी मिळेल, नोकरी राहील. बोलली तर दोन्हींची शाश्वती नाही. आणि शेवटचं प्रकरण चुकीचं आहे, हे ती आता जाणते. पूर्वी जाणत नव्हती. फरक एवढाच आहे, पण तेवढ्यानेच झोप जाते.

१७ मे, पिन्से

सणाची सुट्टी. तिघं बीच वृक्षांच्या वनात. आस्ताने हेरिंग मासे, काळा पाव आणि बिअर बांधून घेतली होती.

बोडिलला पूर्वपक्षाची गोष्ट सांगितली. आमच्याकडे शास्त्री आपलं मत मांडण्याआधी प्रतिपक्षाचं मत मांडतो, आणि इतकं चांगलं की प्रतिपक्षाने म्हणावं, मलाही असं जमलं नसतं. मगच खंडन. दुबळा पूर्वपक्ष उभा करून पाडणाऱ्याला माझे गुरुजी म्हणत — याने शेजारच्या पोराशी कुस्ती जिंकली.

ती म्हणाली, "आमच्याकडे पूर्वपक्ष शेपटीचा काळा कोट घालून येतो आणि दीड तास स्वल्पविराम तपासतो."

मग गवत उपटायला लागली. आस्ता मला डोळ्यांनी म्हणाली, गप्प बसा आता. मी पाव कापायला घेतला.

टुक्सेनचा मला राग येत नाही, ही अडचण आहे. आमच्याकडे जेवायला येतात तेव्हा आस्ताच्या रेड ग्रोडला, त्या लाल फळांच्या खिरीला, तीनदा हो म्हणतात. बोडिलला प्रयोगशाळेत त्यांनीच घेतलं. बाईमाणूस म्हणून बाकीचे नाकं मुरडत होते. मग चष्मा काढून 'छापून झालाय' म्हणणारा कोण होता? तेही तेच.

२४ मे, रविवार

बोडिलने आज मागितलं ते ऐकून चहाच सांडला.

वादात उमेदवाराला नवा विषय काढता येत नाही. विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. पण दोन अधिकृत प्रतिवादी झाले की डीन सभागृहाला विचारतात, श्रोत्यांपैकी कोणाला काही बोलायचंय का? तेव्हा कोणीही उठू शकतो. प्रयोगशाळेतलं कोणी उठणार नाही. सगळ्यांना टुक्सेनबरोबर दिवस काढायचेत.

"हेर आठल्ये, तुम्ही उठा आणि त्या वाणाचं विचारा," ती म्हणाली. "तुमचं कोण काय वाकडं करणार? फार तर हसतील."

"माझ्या डॅनिशला चोवीस वर्षं हसतायत."

"मग सवय आहे तुम्हाला."

आस्ताने विचारलं, आणि तुझं वाकडं झालं तर? बोडिल म्हणाली, होऊ दे. पण कोणी विचारलं नाही तर मी उत्तर देणारच नाही, आणि मग जन्मभर कोणीतरी विचारील या भीतीने राहीन.

मी हो म्हटलं. मागाहून वाटलं, एका म्हाताऱ्याला भरसभेत त्याच्याच विद्यार्थिनीकडून तोंडघशी पाडायला मी निघालोय. त्याने माझं काय वाईट केलंय? मग वाटलं, हिने तरी कोणाचं काय वाईट केलंय?

२६ मे

प्रश्न तीन वाक्यांचा आहे. आस्ता बटाटे सोलता सोलता माझ्याकडून घोकून घेते. दुसऱ्या वाक्यात गडगडतो. "घशातून, घशातून," ती म्हणते. "गरम बटाटा गिळल्यासारखं."

लहानपणी शब्दरूपं चुकलो की छडी बसे. इथे बटाट्याची सालं फेकतात. प्रगती म्हणायची.

२८ मे

पुस्तकांच्या दुकानासमोर टुक्सेन भेटले. टोपी काढली. उद्या येणार ना, म्हणाले. येणार म्हटलं. त्यांचे डोळे लाल होते, दाढी नीट झाली नव्हती. क्षणभर वाटलं, सांगून टाकावं — उद्या मी उठणार आहे, तयारीने या. ओठांपर्यंत आलं. बोडिलला दिलेला शब्द आठवला. हवा बरी आहे, म्हणालो.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. बोडिल मात्र दोनदा वाढून घेत होती.

२९ मे, शुक्रवार

मला उठावंच लागलं नाही.

डीननी श्रोत्यांना विचारलं. मी खुर्चीचा हात धरला, तोच पहिल्या रांगेतून टुक्सेन उठले. विचारलं, "एक वाण होता. तो या ग्रंथात का नाही?"

बोडिल म्हणाली, "तो मी गाळला."

"तुम्ही नाही. मी गाळायला लावला. या आठवड्यात मी स्वतः तो तीनदा करून पाहिला." चष्मा पुसला. "तो थांबत नाही. आता मला सांगा, बाकीचे कोणाचं ऐकून थांबतात?"

आणि खाली बसून त्यांनी वही उघडली, विद्यार्थ्यासारखी.

बोडिलने खडू उचलला.